काचेतल्या काट्यावरची गोळी

साडेतीनच्या आत सगळं उरकायला हवं होतं. हे धाकटीला घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं आणि नेमकं तेच तिला सांगता येत नव्हतं. चार वाजत आले की तिच्या डोक्यात वीज चाटून जायला लागायची. रोज. नेमानं. आतून कुणीतरी बटण दाबून बघतंय तशी.

आणि अप्पा अजून चहाच पीत होते.

"एवढी घाई कसली?" कपाच्या तळाशी उरलेला घोट गोल फिरवत ते म्हणाले. "खोली काय पळून चाललीय?"

"नाही. घाई कुठे."

"मघापासून तीनदा घड्याळ बघितलंस."

"पाचदा," वहिनी म्हणाली. शाळेच्या कचेरीत हजेऱ्या सांभाळण्यात वीस वर्षं काढलेली बाई. कोण कितीदा हललं हे तिला आपोआप कळायचं.

दादानं बहिणीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ती नजर वहिनीनं टिपलीच. नवऱ्याचं आणि नणंदेचं सात आठवडे काहीतरी शिजतंय, दर रविवारी सकाळी दोघं तपासणीच्या खोलीत दार लावून बसतात आणि परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखी बाहेर येतात, एवढं तिला माहीत होतं. काय शिजतंय ते माहीत नव्हतं. म्हणून तिचं डोकं फिरलेलं होतं.

आज अप्पा तपासणीची खोली सोडणार होते. बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं! बिनखिडकीची खोली, दगडी कट्टा, कट्ट्यावर काचेच्या पेटीत बसवलेला काटा. पण तीन पिढ्यांचं पोट त्या पेटीवर चाललेलं. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे वजनकाटे या घरात दुरुस्तीला यायचे. दुरुस्ती दादा करायचा आणि झकास करायचा. पण दुरुस्त झालेला काटा खरा बोलतो की खोटा, हे सांगणारं माणूस एकच. ते हो म्हणेल तेव्हा शिक्का. तीन वर्षं ते काम धाकटी करत होती. शिक्का मात्र अप्पांच्या नावाचा. आज नाव बदलायचं होतं. घरचा रिवाज असा, की खोली घेणाऱ्यानं सगळ्यांसमोर पाच वजनं जोखून दाखवायची. नखाएवढाली वजनं. चिमट्यानं उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. खाली पडलं तर वजन बाद. आणि माणूसही बाद.

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा धाकटी नऊ आठवडे पलंगावरून उठली नव्हती. त्या नऊ आठवड्यांत कोण कसं वागलं ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. मग डॉक्टर आले, गोळ्या आल्या, आणि मग ही खोली. आधी दिवसाला एक तास, मग दोन, मग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. गोळ्यांनी तिला उठवून बसवलं आणि खोलीनं उभं केलं. एकेचाळीस वर्षांची बाई, संसार मोडलेला, माहेरी परत आलेली. खोली गेली तर ती कशाला धरून उभी राहणार होती?

"चला," अप्पा एकदाचे उठले.

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

*

गोळी सोडायची हे तिनंच ठरवलं होतं. कुणी मागे लागलं नव्हतं. दोन वर्षं ती बरी होती, झोप लागत होती, हसू येत होतं. डॉक्टरही म्हणाल्या, हरकत नाही, करू या. पुढच्या खालच्या ताकदीची गोळी चिठ्ठीवर लिहून दिली आणि खाली लिहिलं, चार आठवड्यांनी या, मध्ये काही वाटलं तर फोन करा, रविवार असला तरी.

ती चिठ्ठी दादानं वाचली आणि तो भडकला.

"एकदम एवढी कमी? एका दिवसात? अगं, पारड्यात वजन ठेवतानासुद्धा आपण श्वास धरतो. आणि ही बाई तुझ्या डोक्यात धपकन..."

"डॉक्टर आहेत त्या."

"असतील. बारीक जोखणं त्यांचं काम नाही. आपलं आहे."

आणि तिथे या दोघा शहाण्यांनी तो उद्योग सुरू केला, जो जगात फक्त याच घरात सुचू शकला असता. जुन्याच ताकदीची गोळी घ्यायची. दर रविवारी पुढच्या आठवड्याच्या सात गोळ्या बारीक कानशीनं कोरायच्या आणि काचेतल्या काट्यावर जोखायच्या. दर आठवड्याला एवढीशीच कमी. आणि घरचा कायदा पाळायचा: जोखणारे दोघे. एकानं जोखून आकडा कागदाच्या कपट्यावर लिहायचा, घडी घालायची. दुसऱ्यानं तो न बघता पुन्हा जोखायचं, आपला आकडा लिहायचा. मग दोन्ही घड्या उघडायच्या. जुळले तर खरं. सात आठवड्यांत एकोणपन्नास गोळ्या. एकोणपन्नास वेळा आकडे जुळले. आपण डॉक्टरपेक्षा जास्त जपतोय, याचा दोघांना गर्व चढला होता. खालच्या ताकदीच्या गोळीची चिठ्ठी कानशींच्या खणात पडून राहिली आणि चार आठवड्यांनी डॉक्टरांकडे जायचंही राहिलं.

पहिल्या आठवड्यात काही विशेष नाही. मग सकाळी गोळी घेतल्यावर तासाभरात छातीत धडधड आणि मळमळ. मग दुपारनंतर घाम. मग ती वीज. मान वळवली की डोळे आधी पोहोचायचे आणि डोकं मागाहून, आणि मधल्या जागेत सणक. रात्री अशी लखलखीत स्वप्नं, की उठल्यावर तीच खरी वाटायची. आणि संध्याकाळी रडू. कारण काही नाही. भांडं जागेवर नाही म्हणून रडू.

दादाला तिनं निम्मंच सांगितलं. कारण तिचा निष्कर्ष काढून झाला होता. आकडे जुळत होते. वजन चुकलं नव्हतं. मग चुकलं कोण? या घरात लहानाची मोठी झालेल्या माणसाला याचं एकच उत्तर येतं. आपणच. दुखणं परत आलंय. आत्याचं आलं होतं तसं.

*

आत्या दाराशी, बुटक्या स्टुलावर बसली होती. अप्पांची धाकटी बहीण. एकोणसत्तर वर्षांची. वजनांचे लाकडी डबे मऊ कातड्यानं पुसायचं काम तिच्याकडे होतं. डबे. वजनं नाहीत. बेचाळीस वर्षं तिला वजनांना हात लावायची बंदी होती, आणि ही बंदी कुणी कधी उच्चारली नव्हती, हा या घराचा सभ्यपणा!

"बस," अप्पा म्हणाले.

धाकटी काट्यासमोर बसली. पेटीची काच वर सरकवली. चिमटा उचलला. पहिलं वजन. काटा डोलला, स्थिरावला. तिनं आकडा लिहिला, अप्पांनी आपला लिहिला, जुळले. दुसरं. तिसरं. हाताला घाम सुटला होता. तिनं तळवा मांडीवर पुसला.

"बरी आहेस ना गं?" वहिनी.

"बोलू नका ना वहिनी. श्वासानं पारडं हलतं."

"बरं बाई, श्वास घेत नाही."

दादा हसला. एकटाच. चौथं वजन जुळलं.

पाचवं सगळ्यात बारीक. तिनं ते चिमट्यात धरलं, डब्यावरून उचललं आणि नजर पारड्याकडे वळवली.

सणक.

अशी मोठी, की कानात सळसळ ऐकू आली. दोन बोटं सैल पडली. वजन फरशीवर पडल्याचा आवाज इतका बारीक होता, की दुसऱ्या कुठल्या घरात तो कुणाला ऐकूही आला नसता. इथे पाचही जणांनी ऐकला.

कुणी खाली वाकलं नाही.

"परत सुरू झालं?" अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग परवडला असता.

"घसरलं, अप्पा. घाम..."

"तुझ्या हातून वजन घसरलेलं मी कधी बघितलं नाही. गोळ्या घेतेस ना?"

धाकटीनं चिमटा डब्यावर ठेवला.

"घेते," दादा मध्ये पडला. "घेते ना. कमी करतोय. म्हणजे, करतेय ती."

"करतोय?" वहिनी गर्रकन वळली. "म्हणजे हे होय तुमचं रविवारचं! मला वाटलं, माझ्यामागे घराच्या वाटण्या करताय दोघं!"

"वाटण्या कसल्या? गोळ्या कोरतोय."

"कोरताय? गोळ्या? अहो, पेन्सिली आहेत का त्या?"

"तुला काय कळतंय त्यातलं! एक मिलिग्रॅमचा फरक नाही!" दादानं कट्ट्याखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि झाकण उघडून सगळ्यांसमोर धरला. आत कागदाचे कपटे. जोड्या जोड्या करून दोऱ्यानं बांधलेले. "हे बघा अप्पा. सगळे आकडे. दोन हातांचे. तुम्हीच शिकवलंत. मी हिच्या जिवाशी खेळेन का?"

अप्पांनी एक जोडी घेतली, चष्मा कपाळावर सारून वाचली. या घराची गंमत बघा. लेक समोर घामानं भिजून बसलीय, आणि बाप आधी आकडे तपासतोय.

"वजन बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग?" दादा.

"मग काय? वजन बरोबर आहे आणि माणूस बिघडलंय. म्हणजे दुखणं उलटलं. सरळ आहे." त्यांनी कपटे डब्यात टाकले. "हे अर्धवट काही चालायचं नाही. एक तर घ्यायची, नाहीतर टाकायची. मला विचाराल तर टाका. आजच टाका सगळ्या. सात आठवडे कोरून कोरून हिचे हाल केलेत तुम्ही. एक घाव, दोन तुकडे."

सगळ्यात भीती कशाची, तर त्या क्षणी धाकटीलाही ते पटत होतं. टाकून द्यावं. संपवून टाकावं एकदाचं. तिनं पुन्हा मान हलवली आणि पुन्हा सणक आली. तिनं डोळे गच्च मिटले.

"काय होतं नक्की?" दारातून आवाज आला.

आत्या बोलत होती. खोलीत आत्या बोलते, हेच मुळात नवीन होतं.

"काही नाही आत्या."

"डोळे मिटलेस ते का? सांग. मान वळवली की होतं?"

"हो. वीज चाटून गेल्यासारखं. जीभ लावली बॅटरीला की कसं होतं, तसं डोक्यात."

"आणि घाम? आणि खाटेवरून पाय खाली टाकला की जमीन सरकते?"

"हो."

"स्वप्नं?"

"हो आत्या."

आत्यानं हातातलं कातडं घडी घालून डब्यावर ठेवलं. सावकाश.

"चार वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा, पडून होतीस. तेव्हा होतं का हे? ही वीज?"

धाकटीनं आठवून पाहिलं. ते नऊ आठवडे म्हणजे ओला कापूस होता. जड. बहिरा. त्यात वीज कुठली! त्यात तर काहीच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. आणि मग पुन्हा, स्वतःलाच ऐकवल्यासारखं, "नाही. तेव्हा असलं काही नव्हतं."

"मलाही नव्हतं," आत्या म्हणाली. "आधीच्या दुखण्यात नव्हतं. आमच्या बाबांनी गोळ्या बंद केल्या, त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरू झालं. घाम. ओकाऱ्या. जमीन. आणि सगळे म्हणाले, बघा, हिचं उलटलं."

"ते जुनं आता कशाला काढतेस?" अप्पा म्हणाले.

"तू काढलंस. 'आजच टाका' म्हणालास. अगदी तस्संच म्हणाले होते."

"बाबांना वाटलं..."

"बाबांना काय वाटलं ते मला पाठ आहे, भाऊ. टाकल्या कुणी?"

"बाबांनी सांगितलं होतं."

"सांगितलं बाबांनी. मोरीत टाकल्या कुणी?"

तो प्रश्न खोलीत तसाच उभा राहिला. बिनखिडकीच्या खोलीत प्रश्नाला जायला जागा नसते. दादा बापाकडे बघत होता. वहिनी पहिल्यांदाच कुणाकडे बघत नव्हती.

"मी," अप्पा म्हणाले.

"हं," आत्या म्हणाली. एवढंच.

*

फोन लावला वहिनीनं. सगळे आपापल्या जागी थिजलेले असताना ती एकटी हलली. कानशींचा खण उघडून तिनं ती चिठ्ठी शोधली, वरून खालपर्यंत वाचली, खालचा नंबर बघितला.

"यात लिहिलंय, रविवारी सुद्धा फोन करा. लिहिलेलं वाचायचं असतं, हे शिकलेली या घरात मी एकटीच का?"

"वहिनी, नको. त्या ओरडतील."

"ओरडू देत. मी पण ओरडणारच आहे, त्यांचं झालं की."

तिनं आवाज मोठा करून फोन दगडी कट्ट्यावर, काट्याच्या शेजारी ठेवला. डॉक्टरांचा आवाज दमलेला होता, मागे कुठेतरी पोरं खेळत होती. धाकटीनं सांगितलं. धडधड, घाम, वीज, रडू. अडखळत सांगितलं, पण सगळं.

"कधीपासून?"

"पाचएक आठवडे."

"आणि खालची गोळी कधी सुरू केलीत?"

"ती नाही सुरू केली." धाकटीनं दादाकडे पाहिलं. "आम्ही जुनीच घेतो. थोडी थोडी कमी करून. जोखून."

"जोखून म्हणजे?"

"कानशीनं कोरतो आणि जोखतो. आमच्याकडे काटा आहे. अगदी बारीक वजन कळतं." आणि नको असताना तिच्या तोंडून निघालंच, "दोनदा जोखतो."

पलीकडे डॉक्टरांनी पोरांना ओरडून गप्प केलं.

"गोळी कोरता?" डॉक्टर म्हणाल्या. "ही गोळी?"

"हो."

"अहो, ही गोळी तोडायची नसते. ती दिवसभर हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते. वरचं कवच फोडलं, कोरलं, की ते कामच मोडतं. सगळं औषध सकाळीच एकदम अंगात जातं आणि दुपारपर्यंत ओसरतं. म्हणून सकाळी धडधड आणि चारला वीज. वजन कितीही बरोबर असू दे. तुम्ही रोज सकाळी जास्त घेताय आणि रोज संध्याकाळी बंद करताय. सात आठवडे दररोज गोळी सोडताय तुम्ही."

दादा खाली बसला. कट्ट्याला पाठ लावून, फरशीवर. पन्नाशीचा माणूस. त्यानं कपट्यांचा डबा मांडीवर घेतला आणि झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना.

"मग हे दुखणं परत आलेलं नाही?" हे अप्पांनी विचारलं. फोनवर वाकून, हात मागे बांधून, एखाद्या काट्याचा आकडा वाचावा तसं.

"कोण बोलतंय?"

"वडील."

"मी तपासल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. पण औषध कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू होणारं, शरीरात असं विचित्र काहीतरी होणारं, हे बहुतेक औषध सुटण्याचं असतं. दुखणं परत येतं ते सहसा हळू येतं, आठवड्यांनी, आणि आधी होतं तसंच येतं. दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून बघायला हवं. उद्या सकाळी या. आणि एक विचारते, त्यांनी खरं सांगायचं. जीव नकोसा झालाय का? स्वतःला काही करून घ्यावं, असं येतं मनात?"

भोवती चार माणसं, समोर फोन. धाकटीला वाटलं, फरशीवरचं ते वजन शोधायच्या निमित्तानं खाली वाकावं आणि तिथेच राहावं.

"मागच्या गुरुवारी वाटलं," ती म्हणाली, "की झोपावं आणि उठूच नये. करून घ्यावं असं नाही. फक्त उठू नये."

दादानं डबा मांडीवरून खाली ठेवला. वहिनीनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

"सांगितलंत ते चांगलं केलंत. आज रात्री एकट्या झोपू नका. पुन्हा तसं वाटलं, किंवा करावंसं वाटलं, तर वाट बघायची नाही, वेळ बघायची नाही, मला फोन आणि थेट दवाखाना. कोरलेल्या गोळ्या बाजूला ठेवा. उद्या सकाळी पूर्ण गोळी घ्यायची, अख्खी. पुन्हा वर चढतोय म्हणून रडायचं नाही. एकदा सगळं शांत होऊ दे, मग कमी करू. तुम्हाला हळू करायचंय ना? हळू करू. माझ्या हिशेबापेक्षाही हळू. त्यासाठी वेगळ्या रूपात औषध मिळतं. पण एकदम जास्त कमी होतंय असं वाटलं, तर ते मला का नाही सांगितलंत?"

याचं उत्तर कपट्यांच्या डब्यात बांधून ठेवलेलं होतं.

"किती दिवस लागतील?" अप्पांनी विचारलं.

"महिने. कदाचित वर्ष. कदाचित जास्त. आज आकडा सांगता येणार नाही."

*

फोन बंद झाल्यावर अप्पांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि कट्ट्यावर ठेवली. तिच्याकडे न बघता बोलले.

"ठीक आहे. माझं चुकलं, तर चुकलं. पूर्ण गोळी घे, डॉक्टर म्हणेल तसं कर. नाव मी तुझंच लावीन. आधी गोळी सुटू दे, मग लावीन. तोवर दादा बसेल."

बोलणं वाईट नव्हतं. बापाच्या मानानं तर फारच चांगलं होतं. आणि धाकटीच्या अंगावर तरीही काटा आला. कारण पुढचं सगळं तिला लख्ख दिसलं. दर महिन्याला घरातले सगळे विचारणार, किती राहिली? दादा दाराकडे बघत काट्यासमोर बसणार. आणि ती स्वतः, डॉक्टर म्हणतील थांबा, तेव्हा म्हणणार, नाही, झेपतंय मला, अजून कमी करा. खोटं बोलणार. वीज गिळून हसणार. कारण पलीकडे खोली आहे.

"मग नको, अप्पा," ती म्हणाली.

"काय नको?"

"खोली. दादालाच देऊन टाका. कायमची."

"अगं ए!" दादा उठायला लागला.

"थांब रे. अप्पा, खोली गोळी सुटण्याला बांधलीत, तर मी धावेन. मला माहीत आहे मी कशी आहे. कमी झाली म्हणेन, झाली नसताना. एकदा तुम्हाला दाखवायला म्हणून टाकूनही देईन. आणि मग..." तिनं आत्याकडे पाहिलं नाही. "गोळी खात खात तीन वर्षं मी तुमचे काटे तपासले. एक तरी परत आला? एका तरी सोनारानं तोंड वाकडं केलं? मग त्या 'आधी'ला अर्थ काय? तो काढता येत असेल तर काढा. नाहीतर दादाला द्या. मला सावकाश बरं व्हायचंय."

एवढं बोलून तिचे दात वाजायला लागले. चार वाजून गेले होते.

"मी बसणार नाही," दादा म्हणाला. "सात आठवडे बहिणीचं डोकं कानशीनं कोरलं मी. आणि बक्षीस म्हणून खोली? मी काट्यासमोर बसणार नाही. बाहेर स्क्रू पिळतो ते बरं."

"आता तू नाटकं नको करू," वहिनी म्हणाली, पण मऊपणानं. मग सासऱ्याकडे वळली. "अप्पा, माझ्या शाळेत एक मास्तर मधुमेहाची गोळी खातात तीस वर्षं. त्यांना कुणी म्हणालं नाही, आधी गोळी सोडा, मग वर्गात जा."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

शहात्तर वर्षांत अप्पांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारू शकणाऱ्या एका बाईला त्यांनी डबे पुसायला बसवलं होतं.

ती बाई आता उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश कट्ट्यापाशी आली आणि किल्ली उचलली.

"माझ्याकडे राहील ही," आत्या म्हणाली. "ही कधीही मागेल तेव्हा देईन. उद्या मागितली तर उद्या. गोळीचं विचारणार नाही."

"तू?" अप्पा म्हणाले.

"तुझ्याआधी बाबा ही मला देणार होते, भाऊ. विसरलास?"

अप्पा विसरले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून ते धाकटीला कळलं, आणि वहिनीलाही. ते बाहेर गेले. थोड्या वेळानं मोरीतून नळाचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

*

सकाळी धाकटीनं अख्खी गोळी घेतली. हातावर ती अवाढव्य वाटली. रात्रभर वहिनी तिच्या खोलीत गादी टाकून झोपली होती आणि घोरली होती. सात आठवडे मागे गेलो, असं एकदा मनात आलं. मग ती पाणी प्यायली.

निघताना आत्या दारात तयार उभी. चपला घातलेल्या, केस विंचरलेले.

"तुम्ही कुठे?"

"तुझ्याबरोबर."

"मी जाईन की. दादा येतोय सोडायला."

"येऊ दे. मीही येतेय."

दवाखान्यात टेबलाशी बसलेल्या मुलीनं वही पुढे ओढली. पेन उघडलं. दोघींकडे पाहिलं.

"पेशंट कोण?"

"दोघी," आत्या म्हणाली. "आधी हिचं घ्या, हिला चार वाजायच्या आत घरी जायचं असतं. मग माझं."

"तुम्हाला काय होतंय, आजी?"

"आता काही नाही. मला विचारायचंय, तेव्हा काय झालं होतं." तिनं पदर सावरला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. "बेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे. चालेल ना?"

मुलीनं क्षणभर विचार केला.

"वय सांगा," ती म्हणाली, आणि लिहायला लागली.